'नाही' लिहिलेली कळ

मी एक जुनी कळ आहे. मित्रांनो, कळ म्हणजे कीबोर्डचं बटण. आणि खरं सांगायचं तर मी पुरती कळसुद्धा नाही. मी नुसती वरची टोपी. दाबला जातो तो खटका माझ्या खाली असतो. मला त्याच्यावर बसवतात आणि नको झाले की चिमट्याने उपटून काढतात. माझ्या डोक्यावर एकच शब्द छापलेला आहे. तो शब्द म्हणजे 'नाही'.

माझा जन्म एका दोन खोल्यांच्या कारखान्यात झाला. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत छपाई. आमचा मालक कळांच्या टोप्या बनवायचा म्हणून सगळी गल्ली त्याला टोपीवाला म्हणे. "हजारोंना टोप्या विकल्या यांनी, पण घातली कुणालाच नाही," असं त्याची बायको कौतुकाने सांगायची. तो आम्हा कोऱ्या पांढऱ्या टोप्यांना ओळीने साच्यात बसवी, वर शाईचा कागद ठेवी आणि तापलेला दाब खाली आणी. चटका बसायचा, पण शाई थेट प्लास्टिकच्या आत उतरायची. म्हणून माझ्यावरचा शब्द अजूनही पुसलेला नाही.

आमचं गिऱ्हाईक बहुतेक हौशी. एस्केपवर मांजर हवं, स्पेसबार जांभळा हवा, अशा मागण्या घेऊन तरुण मुलं यायची आणि दोन करड्या रंगांवरून तासभर वाद घालायची. अधूनमधून मात्र दवाखान्याचं काम येई. झटका येऊन ज्यांची वाचा गेली त्यांच्यासाठी टोपीवाला एक लहान फलक बनवत असे. त्यावर सोळा कळा, प्रत्येकीवर एक शब्द. कळ दाबली की फलकातला स्पीकर आधी खरखरतो आणि मग तो शब्द बोलतो. कोणत्या खटक्याने काय बोलायचं, ते टोपीवाला संगणकावरून भरून देई.

एके दिवशी एक बहीण-भाऊ दुकानात आले. ती पंचेचाळिशीची, केस घट्ट बांधलेले. भाऊ तिच्याहून धाकटा, गाड्यांच्या दुकानात विक्रेता. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला होता. सगळे त्यांना मास्तर म्हणत. झटक्याने त्यांचा उजवा हात गेला, जीभ गेली, आणि मानही ऐकेनाशी झाली. होकार द्यायचा असो की नकार, मान आपली आडवीच हलायची. डोकं मात्र लख्ख होतं आणि डावा हात चालत होता. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी टोपीवाल्याला नेहमीचे सोळा शब्द फोनवर सांगून ठेवले होते, त्यामुळे आम्ही सोळाजणी आधीच छापून तयार होतो.

"बाई आणखी एक म्हणाल्या," टोपीवाला म्हणाला, "तुमच्या वडिलांची बोटं कळांची जुनी जुळणी विसरलेली नाहीत. त्यांना अक्षरांचा अख्खा कीबोर्ड दिला तर एका हाताने का होईना, ते सगळं लिहून सांगतील. आता जुळणी कोणती हवी, आपल्या भागातली जुनी की हल्लीची?"

त्याने दोन नमुने समोर ठेवले. "ही जुनी. हिच्यात एंटर उभा असतो आणि डाव्या शिफ्टशेजारी एक कळ जास्तीची लागते. अशी जुळणी आता कुणी मागत नाही. तुमच्यासाठी मुद्दाम छापीन."

लेकीने जुन्या जुळणीवर हात ठेवले. खाली न बघताच तिची दहाही बोटं पळायला लागली.

"अरे वा! ताई, तुमचाही क्लास झालेला दिसतोय."

"वडिलांकडेच." तिने हात उचलले. "चुकलं की पट्टी बसायची बोटांवर. आडवी नाही, धारेची."

"मला दोनदाच बसली," भाऊ हसत म्हणाला. "तिसऱ्यांदा मी क्लासला गेलोच नाही."

"तू मुलगा होतास. तुला चाललं." मग ती टोपीवाल्याला म्हणाली, "अख्खा कीबोर्ड नको. अक्षरं हातात दिली तर हुकूम सोडत बसतील. शब्दच द्या. तेही मी निवडते."

तिने आम्हाला टेबलावर पसरलं आणि तांदळातले खडे वेचावेत तशी निवडायला बसली. 'पाणी' राहू दे. 'दुखतंय' राहू दे. 'थांबा' नको. 'राग आलाय' नको. त्यांच्या जागी 'छान' आणि 'आभारी आहे' छापून द्या. शेवटी तिने मला उचललं आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं.

"ही तर मुळीच नको."

"अहो ताई, 'नाही'शिवाय कसं चालेल?"

"चाळीस वर्षं याच शब्दावर घर चालवलंय त्यांनी. आता त्यांना जरा विश्रांती मिळू दे."

भाऊ खो खो हसला. टोपीवाल्याला हसू आलं नाही. "मग हिच्या जागी काय घालू?"

"आणखी एक 'हो' घाला."

"दोन दोन 'हो'?"

"हो."

आवाज भरायला भाऊच बसला. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा लोण्यासारख्या आवाजात त्याने सगळे शब्द म्हटले. दोन्ही खटक्यांत त्याचा गोड 'हो' भरला गेला. पिशवी बांधताना टोपीवाल्याने मलाही आत टाकलं. छापून झालेली टोपी त्याच्या काय कामाची! ती दोघं बाहेर पडल्यावर त्याची बायको म्हणाली, "नुसती टोपी बसवून शब्द बदलत नाही, आवाजही बदलावा लागतो, हे सांगितलंत का त्यांना?"

"त्यांना ती नकोच आहे," तो म्हणाला. "सांगून काय करू?"

मित्रांनो, मला वाटलं होतं की मी एखाद्या खणात पडून राहीन. माझ्या नशिबी तेवढंही सुख नव्हतं. मास्तरांच्या पलंगासमोर भिंतीला एक फळी होती. लेकीने मला त्या फळीवर, मास्तरांच्या नजरेच्या अगदी सरळ रेषेत, शब्द पुढे करून ठेवलं.

"दिसते ना, बाबा?" ती म्हणाली. "वाचता येतं तुम्हाला अजून, बाई म्हणाल्यात. वेगाच्या परीक्षेत मी पहिली आले होते. मोठ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा काय म्हणालात? हेच म्हणालात. छापखान्यातल्या त्या मुलाने मागणी घातली, तेव्हाही हेच. का, ते एकदाही सांगितलं नाहीत. आता बघत बसा हिच्याकडे."

मास्तर माझ्याकडे बघत बसले. त्यांचा डावा हात अंथरुणावर पुढे सरकला आणि पलंगाच्या कडेशी थांबला.

त्यानंतर त्या घरात सगळं विचारून होऊ लागलं. इतकं विचारणं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं. "बाबा, मिशी काढूया ना? खाताना भरते." मास्तरांची मिशी म्हणजे त्यांची शान होती. त्यांनी कुठलीच कळ दाबली नाही. लेक थोडी थांबली आणि म्हणाली, "गप्प म्हणजे हो." वस्तरा फिरला. दुसऱ्या वेळी मागच्या खोलीतली टायपिंगची यंत्रं भंगारात द्यायची होती. भंगारवाला दारात उभा होता. मास्तरांनी रागाने फलकावर मूठ आपटली, आणि मूठ ज्या कळेवर पडली तिने गोड आवाजात सांगितलं, "छान." भंगारवाल्याने पहिलं यंत्र उचललं. एकेक यंत्र पायरीवरून खाली आदळत गेलं आणि मास्तर प्रत्येक आदळण्याला डोळे मिटत राहिले.

जुने विद्यार्थी भेटायला येत. "मास्तर, मुलगी सेवा छान करते ना?" विचारत. मास्तरांच्या बोटाखाली डावीकडे 'हो', उजवीकडे 'हो'. विद्यार्थी लेकीची पाठ थोपटून जात. खोटं नव्हतं त्यात काही. ती त्यांना वेळेवर भरवायची, कूस वळवायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही. फक्त एक शब्द द्यायची नाही.

या घरात आईही होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. माणूस ती आवाजावरून ओळखायची. फलक पहिल्यांदा बोलला तेव्हा ती दचकून म्हणाली होती, "धाकटा आला का गं?" मग तिला त्या आवाजाची सवय झाली. स्पीकर खरखरला की मास्तर बोलणार, हे तिला कळे. पण फलकावर काय आहे आणि काय नाही, हे तिला कधी दिसलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तिला एवढंच ठाऊक की नवरा आता 'हो' म्हणतो.

"आजारपणाने माणूस मऊ झाला हो," ती शेजारणीला सांगायची. मग तिला चटकच लागली. दुपारी लेक कपडे वाळत घालायला गेली की ती पलंगापाशी स्टूल ओढून बसे. "अहो, केस विंचरू तुमचे?" "हो." "अहो, मी जरा गाणं म्हणू?" क्लास चालू असतो म्हणून तिला घरात कधी मोठ्याने गुणगुणूही दिलं नव्हतं त्यांनी. "हो," फलक म्हणाला. ती खालच्या पट्टीत काहीबाही गायली, मधले शब्द विसरली आणि स्वतःशीच हसली. ते 'हो' नाइलाजाचे होते की मनापासूनचे, हे मला फळीवरून सांगता येणार नाही. एवढं मात्र खरं, की तिच्या प्रश्नांना मास्तरांचं बोट वेळ लावत नसे, आणि तेवढा वेळ ते माझ्याकडे बघत नसत.

मग बहीण-भावाचं वाजलं. भाऊ महिन्यातून एकदा यायचा, फळांची पिशवी ठेवायचा, घड्याळ बघायचा. एकदा ती त्याला म्हणाली, "दोघांचं सगळं मी एकटीने करायचं आणि तू नुसता आवाज देऊन मोकळा!" ते त्याला झोंबलं. "ठीक आहे," तो म्हणाला, "बाबा तुझ्याकडे, आई माझ्याकडे. वाटणी सरळ झाली. आमच्याकडे बाळाचा पाळणा हलवायला माणूस हवाच आहे. दोरी ओढायला काही डोळे लागत नाहीत."

लेक पांढरी पडली. वडिलांचा तिला राग होता, पण आई म्हणजे तिचा जीव. ती नाही नाही म्हणत राहिली. तिच्या 'नाही'ला त्या घरात कधीच वजन नव्हतं, तेव्हाही नव्हतं.

"मी काय सांगू?" आई म्हणाली. "यांना विचारा. हे म्हणतील तसं."

"विचारू की," भाऊ म्हणाला. "येत्या रविवारी गाडी घेऊन येतो. तेव्हा विचारू."

त्या दुपारी आई मास्तरांचा मेलेला हात तेल लावून चोळत बसली होती. वाकून हळू आवाजात म्हणाली, "अहो, मला नाही जायचं तिकडे. तुम्ही नाही म्हणा बरं का. तुमचं 'नाही' आजवर कुणी मोडलंय का? म्हणाल ना?"

"हो," फलक म्हणाला.

तिने डोळे पुसले आणि पुन्हा हात चोळायला लागली. मास्तर माझ्याकडे बघत होते. मी फळीवर होते, ते पलंगावर.

रविवारी सकाळी गाडीचा हॉर्न वाजला तशी लेक धावत खोलीत आली. तिने मला फळीवरून उचललं, फलकावरचा उजवा 'हो' नखाने उपटून फेकला आणि मला तिथे दाबून बसवलं. "बाबा, घ्या ही. माझ्यासाठी नको, आईसाठी दाबा," ती धापा टाकत म्हणाली. मास्तरांनी माझ्यावर अंगठा टेकवला, दाबला नाही. नुसता टेकवून ठेवला. त्यांचा अंगठा गरम होता. इतक्या दिवसांनी मी कुणाच्या तरी उपयोगाची होणार होते, आणि मित्रांनो, मला फार अभिमान वाटला.

लेक जन्मभर टाइपरायटरवर वाढलेली. तिथे कळेवर जे अक्षर असतं तेच कागदावर उमटतं. वरची टोपी एक आणि खालचा आवाज भलताच, असं असू शकतं हे घाईत तिच्या डोक्यातच आलं नाही. त्या दुसऱ्या खटक्यात 'हो' भरायला तिनेच सांगितलं होतं, हेही नाही.

भाऊ आत आला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ज्या शब्दाला ती संसारभर भ्यायली, तोच ऐकायला तिने कान टवकारले होते.

"बाबा, आईला मी घेऊन जाऊ ना?"

मास्तरांनी सगळा जीव अंगठ्यात आणून मला दाबलं.

स्पीकर खरखरला. "हो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा दाबलं. "हो." पुन्हा. "हो." ते दाबतच सुटले, आणि भाऊ आपल्या दुकानातल्या गोड आवाजात सांगत राहिला, हो, हो, हो, हो.

"त्यांनी 'नाही' दाबलंय!" लेक किंचाळली. "आई, कळेवर 'नाही' लिहिलंय! आवाज चुकीचा आहे!"

भाऊ पुढे आला. त्याने वाकून मला वाचलं. अगदी नीट वाचलं. मग सरळ उभा राहून म्हणाला, "काहीतरीच काय बोलतेस, ताई? 'हो'च लिहिलंय."

आईने चाचपडत हात पुढे केला. पण शाई आत उतरलेली. बोटाला मी गुळगुळीत.

"आई, माझ्यावर विश्वास ठेव. 'नाही'ची कळ मी बसवलीच नव्हती इतके दिवस..."

"इतके दिवस तूच सांगत होतीस ना," आई म्हणाली, "की हे 'हो' म्हणाले म्हणजे 'हो'?" मग ती पलंगाकडे वळली. "एकदा म्हणाला असतात तरी पुरे होतं हो. इतक्यांदा कशाला?"

मास्तरांच्या घशातून गुरगुर निघाली. मान जोरजोरात आडवी हलली, पण ती नेहमीच तशी हलायची, तिला कोण विचारतं! त्यांनी फलक जमिनीवर भिरकावला.

"रागावू नका," आई म्हणाली. "जातेय मी."

तिने स्वतःची बॅगही भरली नाही. चौकट, मग भिंत, मग मुलाचा दंड धरत ती बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी लेक फलक घेऊन टोपीवाल्याकडे गेली. झालेलं सगळं तिने उभ्याउभ्याच सांगितलं. टोपीवाल्याने मान खाली घालून माझ्या खालचा 'हो' पुसून टाकला. "आता आवाज कुणाचा भरू?" त्याने विचारलं. भाऊ येणं शक्य नव्हतं. "माझाच घ्या," ती म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज फुटलाच नाही. "ताई, जरा जोरात," टोपीवाल्याची बायको म्हणाली. मग ती इतक्या जोरात म्हणाली की मागच्या खोलीतला छपाईचा माणूस बाहेर येऊन बघून गेला. "जुन्या जुळणीचा कीबोर्डही करून द्या," तिने सांगितलं. "उभ्या एंटरचा. ती जास्तीची कळ घालून."

घरी येताच तिने भावाकडे फोन लावला. आईला फोनवर घ्यायला लावलं आणि फोन मास्तरांच्या फलकाजवळ धरला. "आई, आता ऐक. बाबा, आईने तिकडे राहायचं का?"

मास्तरांनी मला दाबलं. "नाही," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा स्वतःचा शब्द बोलले. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पलीकडे बाळ रडत होतं. फोनवर सगळेच आवाज खरखरतात, त्यात फलकाची खरखर आईला वेगळी कळली नाही.

"हा तुझा आवाज आहे गं," ती म्हणाली. "तुझा आवाज मी ओळखणार नाही का? कशाला फसवतेस म्हातारीला? त्यांनी काय ते सांगितलं त्या दिवशी." आणि फोन बंद झाला.

लेकीने पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग भावाने उचलणंच सोडून दिलं.

मित्रांनो, यानंतर फार सांगण्यासारखं नाही. बाळ चालायला लागायच्या आत आई तिकडेच वारली. निरोप आला तेव्हा लेक मास्तरांना भरवत होती. जुन्या जुळणीचा कीबोर्ड तयार होऊन आला, तो पलंगाच्या कडेला आडव्या पाटीवर मांडलेला आहे. उभा एंटर आहे, शिफ्टशेजारी ती जास्तीची कळ आहे. मास्तरांनी त्याला अजून बोट लावलेलं नाही. ते फक्त मला दाबतात. पाणी हवं? नाही. कूस वळवू? नाही. दिवा लावू? नाही. प्रत्येक वेळी लेकीला तिचाच आवाज ऐकू येतो. ती पाणी पाजते, कूस वळवते, दिवा लावते. माझ्या एका कडेचा पांढरा रंग अंगठ्याने पिवळा पडला आहे. शब्द मात्र पहिल्यासारखाच काळा आहे.

म्हणून माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कधीतरी तुमच्यावर दुसऱ्याच्या तोंडचे शब्द निवडायची वेळ येईल. त्या माणसाने तुमचं काय केलं असेल ते तुम्हाला माहीत, मी त्यात पडत नाही. रंग कुठलाही घ्या, जुळणी कुठलीही घ्या, पण मला आधी बसवा. पाण्याच्याही आधी बसवा, कारण पाणी काय, न मागताही कुणीतरी देतं. आणि बसवल्यावर मला एकदा दाबून ऐका. आत माझाच शब्द आहे ना, तो कुणाच्या आवाजात आहे, हे दाराशी गाडी येऊन उभी राहायच्या आत बघून घ्या.